तापट भाऊ, शांत नवरा आणि बीपीचं मशीन

रानजाई
नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

रविवारी आमच्या सोसायटीत (नाशिक, इंदिरानगर) तपासणी शिबिर झालं. क्लबहाऊसमध्ये टेबलं मांडलेली, लांबलचक रांग, पोरांचा दंगा, कोपऱ्यात पोह्यांचं पातेलं. माझा भाऊ आदल्या रात्री मुक्कामाला आलेला, म्हणून त्यालाही रांगेत उभं केलं. भाऊ म्हणजे जमदग्नीचा अवतार. द्वारका चौकाजवळ ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. ड्रायव्हर, डिझेल, टोल आणि द्वारकेची कोंडी, दिवसभर या चौघांच्या नावाने शंख चालू असतो. त्याचं बीपी निघालं १२२/७८. माझा नवरा अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. लग्न झाल्यापासून त्याचा चढलेला आवाज मी ऐकलेला नाही. त्याचं निघालं १४८/९४.

सासूबाईंचं निदान तिथल्या तिथे: "तो बोलून मोकळा होतो, हा आतल्या आत कुढतो." भाऊ म्हणतो, दाजींनी पण जरा ओरडायला शिकलं पाहिजे. नवरा नेहमीसारखा गप्प.

डॉक्टरांकडे जाणारच आहोत, तेव्हा ते सांगू नका. मला कुतूहल वेगळंच आहे. ताण आला की हृदय आणि रक्तदाब कसे वागतात, याचा माणसाच्या स्वभावाशी खरंच संबंध असतो का? की हे सगळं ओट्याजवळचं शास्त्र?

आणि हात जोडून विनंती, अर्जुनाची साल, लसूण आणि बीटाचा रस यांचे फॉरवर्ड इथे टाकू नका. फॅमिली ग्रुपवर पोटभर झालेत.

कट्टेकरी
मी पहिला!
बीपी पोह्यांच्या आधी घेतलं की नंतर? पोहे संपत आलेत हे रांगेतून दिसत असेल तर कोणाचंही १४८ होईल.

प्रयोगवही
रानजाई ताई, विषय आवडता आहे. इथल्याच एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. जरा लांबण लागेल.

तुमच्या घरातला वाद हृदयतज्ज्ञांनीही घातलेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन यांनी १९५९ मध्ये 'टाइप ए' वागणुकीची कल्पना मांडली. सतत घाईत, प्रत्येकाशी चढाओढ, कोणी हळू बोललं की वाक्य आपणच पूर्ण करायचं, चिडायला निमित्त नको. फ्रीडमन पुढे एक किस्सा सांगत. त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या दुरुस्त करायला आलेला कारागीर म्हणाला, या खुर्च्या पुढच्या कडेलाच कशा झिजल्यात? पेशंट टेकून बसतच नव्हते.

मग १९६० नंतर त्यांनी ३९ ते ५९ वयाचे ३,१५४ निरोगी पुरुष घेतले आणि साडेआठ वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. टाइप ए ठरलेल्यांमध्ये हृदयविकार साधारण दुपटीने दिसला. स्वभाव ठरवायची पद्धत तर मजेशीर होती. मुलाखत घेणारा मुद्दाम रेंगाळत प्रश्न विचारायचा, मध्येच तोडायचा आणि समोरचा किती चरफडतो ते टिपून घ्यायचा. काय उत्तर दिलं याला फार किंमत नव्हती, कसं दिलं ते बघायचे.

हे प्रकरण जगभर गाजलं आणि मग फसलं. त्याच पुरुषांचा २२ वर्षांनी हिशोब लावला तेव्हा टाइप ए आणि हृदयविकाराने मृत्यू यांचा धागा सापडेना. १९८८ मध्ये तर असं निघालं की ज्यांना हृदयविकार होऊन गेला होता, त्यांच्यात टाइप ए लोकच जास्त तगले. पुढे सिगारेट कंपन्यांची जुनी कागदपत्रं उघडी पडली. त्यांनी या संशोधनाला बराच पैसा पुरवला होता. दोष स्वभावावर गेला तर सिगारेटवरचा तेवढाच हलका होतो ना! फ्रीडमन स्वतःला टाइप ए म्हणवत आणि ९० वर्षं जगले, हे जाता जाता.

या सगळ्यातून चाळून एक गोष्ट उरली. घाई निरुपद्रवी निघाली, महत्त्वाकांक्षाही. त्रासदायक ठरला तो कडवटपणा. म्हणजे जो तो आपल्याला फसवायलाच बसलाय, कोणी चांगलं वागलं तर त्यात त्याचा काही डाव असणार, ही मनाची कायमची बैठक. ती मोजायची ५० प्रश्नांची एक यादी आहे, १९५४ सालची. मुळात ती शिक्षकांसाठी केली होती, कोणत्या मास्तरचं पोरांशी पटेल हे ओळखायला. (आमच्या स्टाफरूममध्ये वाटायला हवी होती.) राग आणि कडवटपणा यांवरच्या बऱ्याच अभ्यासांचा २००९ मध्ये एकत्र हिशोब झाला, त्यात निरोगी लोकांमध्ये हृदयविकाराचा धोका सुमारे १९ टक्क्यांनी जास्त दिसला. आहे, पण तंबाखूच्या मानाने किरकोळ.

तेव्हा तुमच्या भावाबाबत माझा प्रश्न असा: ओरडून झाल्यावर तो त्याच ड्रायव्हरसोबत चहा पितो का? की रात्रीपर्यंत त्याचा हिशोब मनात ठेवतो?

रानजाई
सर, चहा पितो. वर उचल पण देतो. मग घरी येऊन वहिनीला सांगतो, सगळे चोर आहेत.

सातपूरकर
आमच्या कंपनीत ट्रेनिंगला हेच टाइप ए, टाइप बी शिकवलं होतं, दोनेक वर्षांपूर्वी. प्रोजेक्टरवर वाघ आणि कासव. मला कासव ठरवलं. प्रमोशन वाघाला. आता कळतंय की सगळं १९८८ लाच मोडीत निघालं होतं. फी परत मिळते का?

द्राक्षबाग_निफाड
सर, मी बाग करतो, एवढं शिकलेलो नाही पण एक इचारतो. हे लोक ताण आणतात कुठून? म्हणजे आमच्याकडं ढग आले की ताण येतो. माल काढणीला आलाय, व्यापारी उद्या येतो म्हणून गेलाय आणि आभाळात गडगडतंय, त्याला ताण म्हणतात. दवाखान्यात बसवून माणसाला गारपीट कशी दाखवणार?

प्रयोगवही
दादा, अगदी मुळावर बोट ठेवलंत. गारपीट दाखवता येत नाही, म्हणून छोटे ताण बनवतात.

सगळ्यात जुना प्रकार १९३० च्या दशकातला, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा. हात मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात बुडवायचा, मिनिटभर, आणि दुसऱ्या दंडावर बीपी मोजायचं. कोणाचं जेमतेम चढतं, कोणाचं ताडकन. जास्त चढणाऱ्यांना पुढे रक्तदाबाचा आजार होत असावा, हा अंदाज तेव्हाचाच.

दुसरा प्रकार मनाचा. १९९३ मध्ये जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात बसवलेली चाचणी आज जगभर वापरतात. समोर दोन-तीन परीक्षक, चेहरे कोरे, मान डोलावणं नाही की हसणं नाही. त्यांच्यापुढे पाच मिनिटं भाषण ठोकायचं, नोकरीसाठी मी कसा योग्य ते. लगेच पुढची पाच मिनिटं तोंडी गणित: १०२२ मधून १३ वजा करत जा. १००९, ९९६, ९८३... चुकलात की "चूक. १०२२ पासून पुन्हा."

वर्गात मी मुलांकडून हे वजाबाकीचं करून घ्यायचो, परीक्षक म्हणून मागच्या बाकावरची दोन पोरं बसवायची. सगळ्यात हुशार मुलगी ९७० च्या आसपास अडकली आणि तिच्या मानेवर लाल चट्टे उमटले. शेजारचा उनाड पोरगा चुकत होता आणि हसत होता. दोघांच्या नाडीत मात्र फारसा फरक नव्हता, आणि गंमत सगळी तिथेच आहे. चेहऱ्यावर दिसणारा ताण, माणसाने स्वतः सांगितलेला ताण आणि शरीराने नोंदवलेला ताण, तिघांचा मेळ बसेलच असं नाही.

आणखी एक. बीपी दोन वाटांनी चढतं. एक तर हृदय जोराने आणि भरभर रक्त ढकलतं, नाहीतर बारीक रक्तवाहिन्या आवळतात. गणितात बहुतेकांचं पहिल्या वाटेने चढतं, बर्फाच्या पाण्यात दुसऱ्या.

द्राक्षबाग_निफाड
म्हणजे मोटरीचा जोर वाढला तरी गेजवर प्रेशर वाढतं आणि पुढं व्हॉल्व आवळला तरी वाढतं. ठिबकच्या फिल्टरपाशी रोज बघतो. गेजवरचा काटा सारखाच, पण दुखणं येगळं.

बर्फाचं पाणी आमच्यासाठी नवं नाही भो. डिसेंबरात पहाटं निफाडला या, लाइट रात्रीची असती, बागंला पाणी धरताना हात घाला पाटात.

प्रयोगवही
उत्तम सांगितलंत, वर्गात असतात तर पुढच्या बाकावर बसवलं असतं. याच दोन वाटांवर १९९० च्या दशकात ब्लास्कोविच आणि टोमाका यांनी सिद्धांत मांडला. समोरचं काम आपल्याला झेपेल असं मनाला वाटलं तर मोटर जोरात चालते आणि वाहिन्या सैल होतात. आवाक्याबाहेरचं वाटलं तर मोटर चालतेच, पण वाहिन्या सैल होत नाहीत, उलट आवळतात. स्वभाव शिरतो तो इथून. तेच गणित एकाला खेळ वाटतं, दुसऱ्याला अब्रूचा प्रश्न.

रात्रपाळी
मी स्टाफ नर्स आहे, ड्यूटी संपवून वाचतेय. चर्चा छान चाललीय, पण आधी त्या १४८/९४ बद्दल बोलू.

ताई, शिबिरातल्या एका आकड्यावरून घरात दोन पक्ष पाडू नका. मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायला मिळालं होतं का? पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, दंड हृदयाच्या उंचीवर टेकवलेला, बाही वर सारलेली, लघवी तुंबलेली नाही, अर्ध्या तासात चहा-सिगारेट-तंबाखू नाही, आणि मशीन चालू असताना तोंड बंद? यातलं एकेक चुकलं तरी आकडा वर जातो. नुसतं बोलण्यानेही जातो. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तरी जातो. शिबिरात हे सगळं एकाच वेळी चुकतं. मी स्वतः अशा शिबिरांत बसलेली आहे, मागे रांग ढकलत असते, कोण पाच मिनिटं बसू देणार?

काही जणांचं दवाखान्यात किंवा पांढऱ्या कोटासमोरच चढतं, घरी नॉर्मल. ते वेगळं प्रकरण आहे, त्याला लगेच गोळी लागते असं नाही, पण लक्ष ठेवावं लागतं. म्हणून घरी मोजा. दंडावरचं मशीन घ्या, मनगटाचं नको. सकाळी आणि रात्री, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा, आठवडाभर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टर ते बीपी धरतात.

आता भाऊरायांचं. शिबिरात त्यांचा सुट्टीचा दिवस होता, बहिणीच्या घरी पोहे खाऊन निवांत. उलटाही प्रकार असतो, दवाखान्यात नॉर्मल आणि कामावर असताना चढलेलं. ते तपासणीत सापडत नाही म्हणून जास्त फसवं. १२२/७८ वर त्यांनी मिशीला पीळ देऊ नये.

शंकासुर
प्रयोगवही सरांचा आदर ठेवून. या सगळ्या 'स्वभाव' संशोधनात मला एक भोक दिसतं. स्वभाव मोजतात प्रश्नावलीने, म्हणजे माणूस स्वतःबद्दल जे म्हणेल ते. ताण मोजतात दहा मिनिटांच्या नाटकाने. त्यातही बहुतेक वेळा पाश्चात्त्य विद्यापीठांतली विशीतली पोरं. आणि यावरून आपण अंबडच्या मेंटेनन्सवाल्याचं निदान करणार?

बाकी चिंता करणाऱ्याचं बीपी जास्त उसळणार हे सांगायला प्रयोग कशाला हवा? ते तर माझी आजीही सांगायची.

प्रयोगवही
शंकासुर, पहिला मुद्दा मान्य. दुसऱ्यात तुम्ही आणि आजी दोघेही अडकलात, आणि याच जागेची मी वाट बघत होतो.

चिंता करणाऱ्या, पटकन खचणाऱ्या, अपराधी वाटून घेणाऱ्या माणसाचं शरीर प्रयोगशाळेतल्या ताणाला बऱ्याच वेळा कमी उसळतं. कमी! २००८ मध्ये ३० वर्षांच्या प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. त्यात कडवट, रागीट आणि टाइप ए मंडळींची प्रतिक्रिया जास्त होती, तर चिंता, उदासी, मनाचा अस्थिरपणा असलेल्यांची सरासरीने कमी.

२०१३ चा एक अभ्यास तर विद्यार्थ्यांवरचा नाहीच. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली होती. त्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅममध्ये जन्मलेल्या लोकांचा एक गट संशोधक अजून सांभाळून आहेत. ही माणसं साठीला टेकलेली असताना त्यांना ताणाची कामं दिली, त्यातलं एक म्हणजे आरशात बघून आकृती गिरवणं. ज्यांच्या स्वभावात अस्थिरपणा, चिंता जास्त, त्यांची नाडी, बीपी आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक, सगळंच कमी चढलं. ज्यांचं लोकांशी पटत नाही आणि ज्यांना नव्याचं वावडं आहे, त्यांचीही नाडी आणि कॉर्टिसॉल कमीच हलले.

म्हणजे त्यांचं हृदय मजबूत? तर तसंही नाही. बर्मिंगहॅमच्या डग्लस कॅरोल आणि सहकाऱ्यांनी याच प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं. फार कमी प्रतिक्रिया देणाऱ्यांमध्ये नैराश्य, लठ्ठपणा, धूम्रपान जास्त दिसतं. फार जास्त प्रतिक्रिया देणाऱ्यांना पुढे रक्तदाबाचा आजार आणि धमन्या कडक होण्याचा धोका. ताण आल्यावर शरीराने उसळावं, काम उरकावं आणि खाली यावं, हे निरोगीपणाचं लक्षण. न उसळणं हेही बिघाडाचंच चिन्ह असू शकतं.

आता सासूबाई आणि आजी काय म्हणतात ते विचारून घ्या :)

शंकासुर
हे नवीन आहे मला. पण सर, जास्त झालं तरी वाईट, कमी झालं तरी वाईट, मग ही कल्पना चुकीची ठरणार तरी कधी? ज्योतिष्यासारखं झालं ना, मंगळ असला तरी भोगा, नसला तरी भोगा.

रात्रपाळी
शंकासुर, साखरेचंही तसंच आहे हो. ४० ला पेशंट बेशुद्ध होतो आणि ४०० लाही पळापळ होते. तिथे कोणी ज्योतिष म्हणत नाही.

प्रयोगवही
रात्रपाळी ताईंनी माझं काम वाचवलं. तरी शंकासुरांचं आणखी एका बाबतीत बरोबर आहे: एकदाच उसळलेल्या आकड्याने फार कळत नाही. म्हणून हल्ली दोन गोष्टी जास्त बघतात.

पहिली, खाली यायला किती वेळ लागतो. इथे कुढणं येतं. २००२ मधले प्रयोग आहेत, ज्यात माणसाला आधी चिडवलं. नंतर ज्यांचं लक्ष दुसरीकडे वळवलं त्यांचं बीपी लवकर उतरलं. ज्यांना तसंच विचार करत बसू दिलं त्यांचं रेंगाळलं. त्यात आणखी एक दिसलं, नंतर नुसती आठवण काढायला लावली तरी ते पुन्हा चढलं. भांडण संपलेलं, समोर कोणी नाही, आणि शरीर तोच हप्ता पुन्हा भरतंय.

दुसरी, सवय होते का. तीच चाचणी पुन्हा दिली की बहुतेकांचं शरीर म्हणतं, हे ओळखीचं आहे, आणि दुसऱ्या वेळी कमी उसळतं. आयर्लंडमध्ये गॉलवेच्या संशोधकांना दिसलं की मनाने अस्थिर लोकांमध्ये ही सरावण्याची क्रिया नीट होत नाही. पहिल्या खेपेचा आकडा पाहून हे कळलंच नसतं. रोज त्याच साहेबाला, त्याच सिग्नलला, त्याच फोनला पहिल्यांदाच भेटल्यासारखं भेटायचं, वर्षानुवर्षं. माझ्या मते स्वभाव हृदयावर चढतो तो या वाटेने. एखाद्या दिवशी फुटलेल्या बॉम्बने फार होत नाही.

देवळालीचा_पोरगा
माझ्या घड्याळात इंटरव्ह्यूच्या वेळी हार्ट रेट १३४ दाखवला. बसल्या जागी! पांडवलेणीच्या पायऱ्या चढून पण साधारण तेवढाच जातो. मी कोणत्या प्रकारात बसतो?

रात्रपाळी
बाळा, तू नोकरी पाहिजे या प्रकारात बसतोस. बाहेर आल्यावर किती वेळात उतरला?

देवळालीचा_पोरगा
पार्किंगमध्ये गाडी काढेपर्यंत ९० च्या खाली. नोकरी नाही मिळाली पण.

कट्टेकरी
हृदय चांगलंय, मार्केट वाईट आहे. पुढच्या वेळी मिळेल.

अवांतर: पांडवलेणीनंतर मिसळ खात असशील तर तो डेटा पण टाक. पापडासकट.

सातपूरकर
ओरडून मोकळं होण्याचं काय पण? रानजाई ताईंच्या भावाचा मुद्दा राहिलाच. आमचे जुने सुपरवायझर म्हणायचे, पोटात ठेवू नका, ओकून टाका.

प्रयोगवही
ओकून टाकण्याची तपासणी झालेली आहे. २००२ मध्ये ब्रॅड बुशमन यांनी विद्यार्थ्यांना आधी राग आणला. मग काहींना ज्याने राग आणला त्याचं चित्र डोळ्यांपुढे ठेवून बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला लावलं. काहींना नुसतं गप्प बसवलं. ठोसे मारणारे जास्त चिडलेले निघाले, गप्प बसलेले कमी.

हृदयाच्या बाजूने बघितलं तर १९९५ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, हार्ट अटॅक येऊन वाचलेल्या पेशंटांचा. संतापाचा झटका आल्यानंतरच्या दोन तासांत अटॅकचा धोका एरवीच्या सुमारे २.३ पट होता. घाबरू नका, धडधाकट माणसाचा मुळातला धोका त्या दोन तासांपुरता नगण्य असतो, त्याची दुप्पटही नगण्यच. पण धमन्या आधीच अरुंद असतील तर गोष्ट वेगळी. भावाचं वय काय? तंबाखू?

रानजाई
सत्तेचाळीस. तंबाखू आहे. मळून. 'सोडली' असं दर दिवाळीत सांगतो.

सर, आणि आमच्या गप्प माणसाचं काय? हा धागा मी त्याला वाचून दाखवतेय. काल कडवटपणावरचं ऐकून म्हणाला, तुझा भाऊ पास झाला वाटतं. म्हणजे ऐकतोय.

प्रयोगवही
गप्प माणसांसाठी योहान डेनोलेट यांनी 'टाइप डी' काढला. १४ प्रश्न. त्यात दोन गोष्टी एकत्र लागतात: मनात सतत नकारात्मक भावना, आणि लोक काय म्हणतील या धास्तीने त्या बाहेर न काढणं. नुसता अबोल माणूस यात बसत नाही, हे सासूबाईंना जरूर सांगा. १९९६ मध्ये त्यांच्या हृदयरुग्णांमध्ये टाइप डी असलेल्यांपैकी २७ टक्के पुढच्या काही वर्षांत दगावले, इतरांपैकी ७ टक्के. मोठी खळबळ झाली. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हा फरक बराच खाली आला, काहींत दिसलाच नाही. म्हणजे टाइप ए चीच वरात पुन्हा.

एक प्रयोग मात्र तुमच्या घराला लागू पडेल. टाइप डी लोकांना एकट्याने काम दिलं तेव्हा ते इतरांसारखेच होते. तेच काम लोकांसमोर, कोणीतरी पारखतंय अशा परिस्थितीत दिलं, तेव्हा त्यांची प्रतिक्रिया जास्त चढली. स्वभाव आणि प्रसंग यांची जोडी जमावी लागते. तुमचे यजमान मशिनशेजारी रात्रभर एकटे काम करतील आणि नाडी हलणार नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवर दोन शब्द बोला म्हटलं तर?

रानजाई
सर!!! मीटिंगच्या दिवशी तो शिफ्ट बदलून घेतो.

आणि शिबिरात रांगेत त्याच्या मागे सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते, मेंटेनन्सच्या थकबाकीवर बोलत. थकबाकी आमची नाही, पण ते बोलतात तेव्हा सगळ्यांची वाटते.

शंकासुर
शेवटी माझ्या मुद्द्यावर आलात सर. रांग, सेक्रेटरी, थकबाकी. स्वभावाला का धरायचं? सिग्नल, पगार, पीककर्ज यांनी बीपी वाढलं की म्हणायचं तुमचा स्वभाव असा. सोयीचं आहे. सिगारेटवाल्यांनी तेच केलं ना?

प्रयोगवही
याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि तुमचा संशय रास्त आहे. माकडांवरचं काम तुमच्या बाजूने जातं. मनक आणि कॅप्लन यांनी १९८० च्या दशकात नर माकडांचे कळप ठेवले. काही कळपांत सोबती सारखे बदलत राहिले, काहींत तेच ठेवले. दांडगाई करणाऱ्या माकडांच्या धमन्या जास्त खराब झाल्या, पण फक्त बदलत्या कळपात. स्थिर कळपातले दांडगे ठणठणीत. आणि बदलत्या कळपातल्या दांडग्यांना हृदयाची उसळी दाबणारं प्रोप्रॅनोलॉल दिलं तर नुकसान कमी झालं. नुसता स्वभाव दोषी असता तर दोन्ही कळपांत सारखंच दिसायला हवं होतं.

कडवटपणाची एक वाईट बाजू मात्र स्वभावाच्याच खात्यावर टाकावी लागते. भाषणाच्या प्रयोगात शेजारी मायेने बोलणारा माणूस बसवला की बहुतेकांचं बीपी कमी चढतं. १९९५ मध्ये दिसलं की माणसांवर विश्वास नसलेल्यांना या सोबतीचा काहीच फायदा होत नाही. आधार शेजारी बसलेला असतो, पण तो याच्यापर्यंत पोचत नाही. तुमच्या भावाने सगळ्यांना चोर म्हणणं तेवढं सोडलं, तर ओरडणं मी चालवून घेईन.

रानजाई
अपडेट. घरी मशीन आणलं, आठवडाभर रात्रपाळी ताईंच्या नियमांनी मोजलं. नवऱ्याची सरासरी १२८/८२. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. मीठ कमी, वजन थोडं खाली, तीन महिन्यांनी पुन्हा या म्हणाले. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जायला लागलाय, एकटा. मी सोबत येऊ का विचारलं तर नको म्हणाला. आता याचा अर्थ मी लावत नाही.

भावाला धागा पाठवला. फोन करून माझ्यावर ओरडला, "मला काय माकड समजतेस?" मग दोन दिवसांनी वहिनीचा मेसेज आला, चोवीस तासांचं बीपी मशीन लावायला तयार झालाय. रविवारी लावावं म्हणतोय, ऑफिसला सुट्टी असते म्हणून.

रात्रपाळी
रविवारी अजिबात नको! कामाच्या दिवशी लावा, सोमवार असेल तर उत्तम. नेहमीसारखं द्वारकेला जाऊ दे, ओरडू दे, तंबाखूही लपवू नको म्हणावं, सगळं वहीत वेळेसकट लिहायचं. दिवसा साधारण २०-३० मिनिटांनी पट्टा फुगतो, रात्री झोपेतही फुगतो, आणि झोपेतला आकडा फार महत्त्वाचा आहे. रात्री बीपी उतरत नसेल तर डॉक्टर जास्त गांभीर्याने घेतात. अंघोळ मशीन लावायच्या आधीच उरकून घ्यायची.

द्राक्षबाग_निफाड
ताई, मला बी लावायचंय. गारपिटीचं काही सांगता येत नाही, पण पिंपळगावला टोमॅटोच्या लिलावाच्या दिवशी लावलं तर चालंल का? तिथं आमचा खरा आकडा निघंल.

रात्रपाळी
चालेल दादा. फक्त पट्टा फुगायला लागला की हात खाली सोडून स्थिर ठेवायचा, क्रेट उचलायचे नाहीत आणि तेवढा वेळ व्यापाऱ्याशी बोलायचं नाही. नाहीतर मशीन एरर दाखवतं आणि पुन्हा फुगतं.